नझीरभाईंनी बंद न केलेला धागा

ही हकीकत मी नऊ वर्षं टाळली. कुणी विचारलं नाही तेव्हा गप्प राहिलो आणि विचारलं तेव्हा विषय बदलला. नझीरभाईंचं नाव निघालं की माझं एक ठरलेलं वाक्य होतं: "फार चांगला माणूस, पण पुढं त्यांना झेपेना." त्यांना सगळं झेपत होतं. झेपलं नाही ते मला.

नवीन पनवेल आणि सुकापूर भागात ज्यांना तो प्रसंग आठवतो, त्यांची समजूत अशी की नझीर मुकादम यांनी फोरमवर पाण्याच्या टाकीबद्दल चुकीचं उत्तर दिलं, त्यामुळे एक म्हातारी बाई दवाखान्यात गेली, आणि मग स्वतःला वाचवण्यासाठी त्यांनी ते उत्तर गुपचूप तिथून हलवलं. या समजुतीला मी कधी धक्का लावला नाही. आज माझं वय अठ्ठ्याहत्तर आहे. नझीरभाई गेले त्याला दीड वर्ष झालं. जे घडलं ते घडलं तसं आता लिहितो. पण ते कसे होते हे आधी सांगायला हवं, नाहीतर माझ्या लिहिण्याला अर्थ राहणार नाही.

नझीरभाई मूळचे पनवेलच्या जुन्या वस्तीतले, कोकणी मुसलमान. सव्वीस वर्षं आखातात होते, समुद्राचं पाणी गोडं करणाऱ्या एका प्लांटमध्ये. परत आल्यावर त्यांनी नवीन पनवेलमध्ये आमच्याच इमारतीत तळमजल्यावर घर घेतलं. उंच, किंचित वाकलेले. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात एक बॉलपेन आणि सहा इंची पोलादी पट्टी. ती पट्टी बघून मला आधी वाटलं होतं, गृहस्थ शिंपीकाम करतात की काय.

पट्टीचा उपयोग पुढं कळला. सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पाणी येण्याची वेळ चुकीची लागली होती. सेक्रेटरी कागद फाडायला निघाले, तर नझीरभाईंनी त्यांना थांबवलं. पट्टी लावून चुकीच्या ओळीवर एक सरळ रेघ मारली, खाली बरोबर वेळ लिहिली आणि शेजारी बारीक सही केली.

"नवा कागद लावला असता की," मी म्हणालो.

"मग सकाळी ज्यानं जुना वाचला त्याला कसं कळणार काय बदललं ते?" ते म्हणाले. "प्लांटमध्ये लॉगबुक असायचं, कर्णिकसाहेब. त्यात खोडरबर चालत नसे, व्हाइटनर पण नाय. चूक झाली तर एक रेघ, खाली बरोबर, बाजूला सही. चूक वाचता आली पाहिजे. नायतर पुढच्या पाळीचा माणूस तीच परत करतो."

फोरमची कल्पनाही त्यांनी तिकडूनच आणली. इंटरनेटवर लोकांना गप्पा मारायला, वाद घालायला तयार सॉफ्टवेअर मिळतं. एकानं विषय काढायचा, बाकीच्यांनी त्याखाली ओळीनं लिहीत जायचं. त्या सगळ्या माळेला धागा म्हणतात. प्लांटमधल्या त्यांच्या मल्याळी सोबत्यांनी ते गप्पांसाठी वापरलंच नाही. कुठला पंप कधी अडला आणि कसा सुटला, याची त्यांनी त्यात एक चालती वही केली होती. नझीरभाईंनी तेच आमच्या भागासाठी करायचं ठरवलं. जावयाच्या मदतीनं ते सॉफ्टवेअर बसवलं आणि एका वर्षात तिथं सगळं आलं. सोसायट्यांच्या नोटिसा, टँकरवाल्यांची यादी, रक्तदात्यांची नावं, हरवलं-सापडलं, दाखल्यांना लागणारे कागद, मयतांच्या बातम्या. दुसरी वेबसाइट कुणाला लागलीच नाही. दार एकच होतं आणि आत वेगवेगळी कपाटं होती.

लोक हसायचे. चर्चेसाठी केलेलं सॉफ्टवेअर, आणि हा माणूस चर्चा करू देत नाही. एका प्रश्नाला एक धागा. उत्तर शक्यतो एका ओळीत. उत्तर मिळून विचारणाऱ्याचं काम झालं की धाग्याला कुलूप. आभार मानायलाही खाली जागा उरत नसे. कुणी तक्रार केली की म्हणायचे, "शुक्रिया पोचला. पण तो वाचून तिसऱ्या माणसाचा दाखला निघत नाय."

मोबाइलवरचे ग्रुप तेव्हा वाढत होते. ग्रुपवरच विचारू या, पटकन उत्तर येतं, असं लोक म्हणत.

"येतं आणि जातं," नझीरभाई म्हणायचे. "मंगळवारचं उत्तर शुक्रवारी शोधून दाखवा. वर दोनशे फुलं आणि सुप्रभात."

त्यांची आणखी एक सवय होती. नवा धागा उघडला आणि माहिती अजून अर्धीच हातात असली, की ते पहिल्या मजकुराखाली लगेच दुसरी नोंद करायचे. तिच्यात एकच शब्द असायचा: "राखीव." म्हणजे ही जागा धरून ठेवली आहे, खात्रीची गोष्ट कळली की इथंच लिहिली जाईल. काही जागा दोन-दोन महिने तशाच असायच्या. पण कायमची रिकामी राहिलेली मी एकही पाहिली नव्हती.

त्यांच्या बायकोला, आम्ही त्यांना भाभी म्हणत असू, या सगळ्याचा वैताग होता. एकदा मी बसलो असताना त्यांनी आतून विचारलं, "गॅसवाल्याला कधी बोलावलंय?" नझीरभाईंनी मान वर न करता सांगितलं, "काल सांगितलंय." भाभी बाहेर आल्या आणि मला म्हणाल्या, "बघा भाईसाब. घरात पण हेच. आधी उत्तर दिलंय, शोधून बघ."

मी त्यात कसा आलो ते सांगतो. मी सरकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात चौतीस वर्षं काढली. कागद लावणं हा माझा व्यवसाय आणि अभिमान. निवृत्तीनंतर वेळ खायला उठला होता. नझीरभाईंचं मराठी बोलायला गोड, पण लिहिताना वाकडंतिकडं. "टाकी साफ करायची हाय तर पयले नळ बंद करा," असं ते लिहायचे. मी एक दिवस म्हटलं, हे नीट करून देऊ का? त्यांनी लगेच मला फोरमची धाकटी किल्ली दिली. म्हणजे कुणाचंही लिखाण सुधारणं, धागे हलवणं, जोडणं, तोडणं मला करता येऊ लागलं. मोठी किल्ली त्यांच्याकडे राहिली. लोकांना मात्र एवढंच माहीत होतं की कर्णिकसाहेब शुद्धलेखन बघतात.

आमचं पटायचं, एक गोष्ट सोडून. आमच्या कार्यालयात एका विषयाच्या दोन नस्त्या, म्हणजे फायली, दिसल्या की त्या एकत्र करायच्या, हा शिरस्ता होता. फोरमवर पार्किंगबद्दल पाच धागे, रेशनकार्डाबद्दल नऊ. माझा जीव वरखाली व्हायचा. मी म्हणायचो, जोडून टाकू या. ते म्हणायचे, "नको. विषय एक असतो, साहेब, प्रश्न एक नसतो."

हिराबाईची गोष्ट मला यासाठी आठवते. हिराबाई उरणकडची कोळीण, आमच्या गल्लीत पाटी घेऊन यायची. तिला बसायला जागा हवी होती आणि अर्ज कुठं करायचा ते कुणी धड सांगत नव्हतं. पाटी उतरवून ती नझीरभाईंना म्हणाली, "भाय, तुला सगलं ठावं हाय. सांग ना कुठं जाऊ ती."

"सांगतो. पण तू आधी फोरमवर विचार."

"मना लिवता येते का? येरा झाला का काय तू?"

"सुनेला येतं ना? तिला सांग. नाव तुझं टाकायला सांग."

हिराबाईनं पापलेट तराजूत आपटलं. मी मध्ये पडलो. म्हटलं, नझीरभाई, तुम्ही स्वतःच प्रश्न लिहा आणि स्वतःच उत्तर द्या, तिला कशाला त्रास. ते ऐकेनात. "उत्तर कुणाचंही असू दे," ते म्हणाले, "प्रश्नाला मालक पाहिजे. कोण विचारतोय, कुठल्या अडचणीत विचारतोय, ते कळल्याशिवाय उत्तर द्यायचं म्हणजे न बघता औषध द्यायचं."

तीन दिवसांनी सुनेनं लिहिलं. खाली नझीरभाईंनी कार्यालय, खिडकी आणि लागणारे कागद एवढं लिहून दिलं. नंतर हिराबाईच्या ओळखीच्या आणखी चार कोळणी तोच धागा वाचून तिथं गेल्या. हिराबाई पुढं कधी भाव कमी करत नसे, पण त्यांच्या पिशवीत एक बोंबील जास्त टाकायची आणि म्हणायची, "ह्याला कुलूप लाव आता."

दुसरी गोष्ट पळस्प्याची. गोव्याकडे जाणाऱ्या गाड्या पळस्पे फाट्यावर नक्की कुठं थांबतात, असा कुणीतरी प्रश्न विचारला होता. नझीरभाईंनी उत्तर दिलं. मधल्या काळात रस्त्याचं काम निघालं, गाड्या दुसऱ्या बाजूला थांबू लागल्या, आणि ते त्यांना माहीत नव्हतं. आमच्या मागच्या इमारतीतलं एक वयस्क जोडपं त्यांचं उत्तर वाचून सामान घेऊन उभं राहिलं आणि गाडी समोरच्या बाजूनं निघून गेली. भाचीच्या लग्नाला निघाले होते. रिक्षा करून परत आले आणि फोरमवर तसं लिहिलं. फार रागानं नाही, पण लिहिलं.

नझीरभाईंनी आपल्या जुन्या उत्तरावर रेघ ओढली. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय आहे, शब्द दिसतात आणि त्यांवरून आडवी रेघ जाते. खाली "राखीव" लिहिलं. मग स्कूटर काढून पळस्प्याला गेले. दोन तास उन्हात उभं राहून कुठली गाडी कुठं थांबते ते टिपलं, पट्टीनं नकाशा काढला, त्याचा फोटो राखीव जागेत लावला. माझ्या मते इथं विषय संपला होता. संध्याकाळी बघतो तर हे इस्त्रीचा शर्ट घालून निघालेले.

"कुठं?"

"त्या दोघांकडे. त्यांची गाडी माझ्यामुळं चुकली."

"अहो, लिहिलंत ना फोरमवर. एवढ्यासाठी घरी कशाला जायचं?"

"मग कुठं जायचं?" त्यांनी खरोखर न कळून विचारलं.

मीही सोबत गेलो, गंमत बघायला म्हटलं तरी चालेल. त्यांनी दारातच सांगितलं, "मी नझीर मुकादम. पळस्प्याचं चुकीचं मी लिहिलं होतं. लग्न चुकलं तुमचं. माफ करा." दोन मिनिटांत काम झालं. ते गृहस्थ इतके ओशाळले की त्यांनी आम्हाला बळंच बसवून चहा पाजला. परत येताना मी मनात हसत होतो. एका बसथांब्यासाठी एवढा सोहळा. आज वाटतं, त्या दिवशी मला समोर बसवून शिकवलं गेलं होतं, आणि मी चहा पिऊन आलो.

आता टाकीबद्दल.

पाण्याच्या टाकीबद्दल फोरमवर दोन धागे होते. एक, रिकामी टाकी धुण्याचा. त्यात नझीरभाईंनी वरच सगळी रीत लिहिली होती. टाकी रिकामी करा, ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवून भिंती घासा, मग ते सगळं पाणी सोडून द्या, दोनदा धुवा. दुसरा धागा टाकीत भरलेल्या, प्यायच्या पाण्याचा. तिथं पावडर अगदी चिमूटभर लागते, आणि किती ते टाकी किती लिटरची यावर ठरतं.

एका गुरुवारी सकाळी धुण्याच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं, "घासायला पूर्ण वाटी घ्यायची की अर्धी?" दुपारी दुसऱ्या धाग्यावर सुकापूरच्या जनार्दन म्हात्रे यांनी विचारलं, "आमची टाकी भरलेली हाय. पावडर किती टाकू?" म्हात्रे यांची स्वतःची तीन मजली इमारत होती, वर भाडेकरू, खाली ते आणि त्यांची आई. संध्याकाळी नझीरभाईंनी धुण्याच्या धाग्यावर उत्तर दिलं, "पूर्ण वाटी. कमी नको." म्हात्रे यांना उत्तर द्यायच्या आधी टाकी किती लिटरची ते विचारायला हवं होतं, आणि ते परत आल्यावर विचारणार होते, कारण त्याच संध्याकाळी ते भाचीच्या निकाहासाठी उरणला निघाले.

ते गेले आणि मी कॉम्प्युटर उघडला. टाकीचे दोन धागे शेजारी शेजारी. मला वाटलं, ते दोन दिवस नाहीत तर हे नीट लावून ठेवावं. आले की दिसू दे त्यांना, टापटीप कशाला म्हणतात. मी दोन्ही धागे जोडले. एक बटण दाबायचं असतं.

धागे जोडले की सॉफ्टवेअर सगळ्या नोंदी वेळेप्रमाणे लावतं. कुठली नोंद कुठल्या धाग्यातली, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं. म्हात्रे यांचा दुपारचा प्रश्न, आणि त्याच्या बरोबर खाली नझीरभाईंचं संध्याकाळचं उत्तर. टाकी भरलेली हाय, पावडर किती टाकू? पूर्ण वाटी. कमी नको. मी हे पाहिलंही नाही. दोनाचा एक झाला याचंच समाधान वाटलं आणि मी जेवायला बसलो.

शुक्रवारी सकाळी म्हात्रे यांनी भरलेल्या टाकीत पूर्ण वाटी टाकली. भाडेकरूंचे आंघोळीला डोळे चुरचुरले, वास आला, म्हणून बहुतेकांनी ते पाणी तोंडी लावलं नाही. म्हात्रे यांच्या आईला वास येत नसे. ती प्यायली. घसा भाजला, उलट्या झाल्या, दवाखान्यात ठेवावं लागलं.

शनिवारी दुपारी मला हे कळलं. फोरम उघडून मी ते पान पाहिलं आणि माझ्या ध्यानात आलं. तेव्हा मला काय वाटलं ते मी सजवून लिहिणार नाही. भीती वाटली. लेखी चौकशी, जबाब, माझं नाव. चौतीस वर्षं जे मी डाग न लागू देता सांभाळलं ते. मी दोन्ही धागे पुन्हा वेगळे केले. नोंदी आपापल्या जागी गेल्या. म्हात्रे यांचा प्रश्न आपल्या धाग्यावर, खाली उत्तर नाही. नझीरभाईंचं उत्तर धुण्याच्या धाग्यावर. मला वाटलं, जसं होतं तसं झालं, म्हणजे काही झालंच नाही.

मला माहीत नव्हतं की म्हात्रे यांच्या मुलानं सकाळीच ते पान छापून घेतलं होतं.

रविवारी म्हात्रे यांच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये चाळीसेक माणसं जमली. नझीरभाई उरणहून थेट तिथं आले. म्हात्रे यांनी छापलेला कागद टेबलावर ठेवला.

"हा बघा. मी इचारलं, टाकी भरलेली हाय. खाली तुमी लिवलंय, पूर्ण वाटी, कमी नको. नाव तुमचं हाय का नाय?"

"नाव माझं आहे," नझीरभाई म्हणाले. "उत्तर पण माझं. पण तुमच्या प्रश्नाचं नाय ते, म्हात्रेसाहेब. टाकी धुण्याचं आहे."

"आज तसं दिसतंय. काल सकाली छापलं तवा माज्या प्रश्नाखाली व्हतं. मंग एका दिवसात ते तिकरं चालत गेलं काय?"

दोन-चार जण हसले. मागून कुणीतरी म्हणालं, "किल्ल्या त्यांच्याकडंच आहेत ना." आणखी एकानं त्यांच्या जातभाईंबद्दल काहीतरी पुटपुटलं. ते मी ऐकलं. मी मागे वळून पाहिलं नाही.

नझीरभाईंनी खिशातून पट्टी काढली, कागदावरच्या ओळीखाली लावली आणि प्रत्येक नोंदीची वेळ वाचली. सावकाश, मीटर वाचल्यासारखी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"कर्णिकसाहेब, तुमी रोज बघता फोरम. तुमाला काय सांगता येईल?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "मी फक्त शुद्धलेखन बघतो. त्या तांत्रिक गोष्टीतलं मला काही कळत नाही."

त्यांनी एकदा मान हलवली. पट्टी खिशात ठेवली. ठरलं असं की नझीरभाईंनी फोरम सोडावा आणि किल्ल्या कर्णिकसाहेबांकडे द्याव्यात, ते सरळ माणूस आहेत.

दुसऱ्या दिवशी म्हात्रे मला रस्त्यात भेटले. म्हणाले, "सकाली आला व्हता घरी. तुमच्या आईला तरास झाला, माफ करा, म्हनला. मी म्हनलं, आता कशाला आलास? तर आयेनंच आतून हाक मारली, ये रे बाबा, बस. आमची आये पन..." आणि मग ते म्हणाले, "म्हंजे कबूलच केला ना त्यानं."

मी म्हणालो, "हं."

त्यांच्या आई बऱ्या झाल्या. आवाज मात्र बरेच महिने बसलेला होता.

किल्ली द्यायच्या आधी नझीरभाईंनी एक शेवटचा धागा उघडला. नाव, "सुकापूरची टाकी: काय झालं." त्यात लिहिलं होतं, "म्हात्रे यांचा प्रश्न भरलेल्या टाकीचा. माझं उत्तर रिकाम्या टाकीचं. दोन्ही एकाखाली एक कसे आले ते खाली लिहिलं जाईल." खाली दुसरी नोंद होती. "राखीव." या धाग्याला त्यांनी कुलूप लावलं नाही.

मोठी किल्ली एका कागदावर लिहून त्यांनी माझ्या हातात दिली. "पासवर्ड बदलून घ्या," एवढंच म्हणाले. त्या किल्लीनं आत गेलो तेव्हा मला एक पान दिसलं, जे धाकट्या किल्लीनं कधी दिसत नव्हतं. फोरमवर कुणी काय जोडलं, काय तोडलं, याची सॉफ्टवेअर आपोआप नोंद ठेवतं. तिथं दोन ओळी होत्या. धागे जोडले, कर्णिक, गुरुवार. धागे वेगळे केले, कर्णिक, शनिवार. शेजारी पुसून टाकण्याचं बटण होतं.

हे पान त्यांनी पाहिलं नसेल असं मी स्वतःला पटवायचा प्रयत्न केला. पण तयारी न करता कुठं जाणारा तो माणूस नव्हता. सभेला येण्याआधी त्यांनी ते उरणलाच कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर बघितलं असणार. ते छापून आणून टेबलावर ठेवलं असतं तर विषय तिथंच मिटला असता. त्यांनी तसं न करता मला विचारलं. प्रश्नाला मालक पाहिजे, तसं चुकीलाही, असं त्यांच्या मनात असेल का, हे मला कधी विचारता आलं नाही.

पुढं फोरम हळूहळू ओस पडला. लोक ग्रुपवर गेले. काही महिन्यांनी नझीरभाई आणि भाभी घर भाड्यानं देऊन लेकीकडे द्रोणागिरीला राहायला गेले. फोरमच्या इंटरनेटवरच्या जागेचं भाडं मी भरत राहिलो, अजून भरतो. राखीव जागेत मी कितीदा लिहायला बसलो ते सांगण्यात अर्थ नाही. सॉफ्टवेअर अर्धवट लिहिलेलं आपोआप जपून ठेवतं आणि पुढच्या वेळी समोर आणतं, "आपला मसुदा." दरवेळी तो वाचायचा, दोन शब्द सुधारायचे आणि बंद करायचं. शुद्धलेखन तेवढं निर्दोष झालं आहे. ते गेल्याची बातमीही मला फोरमवरच कळली. मयतांच्या कपाटात त्यांच्या लेकीनं एका ओळीत लिहिली होती. सहा महिन्यांत तिथं आलेली ती एकच नोंद. आता हा मजकूर पुरा झाला की राखीव जागी हाच लावणार आहे, आणि जोडण्या-तोडण्याची, कधीच न पुसलेली ती दोन ओळींची नोंदही खाली जोडणार आहे, कुणालाही दिसेल अशी. म्हात्रे यांच्याकडे उद्या सकाळी जातो आहे.

नझीरभाईंकडे जायला उरलेलं नाही. त्यांना मी शेवटचं पाहिलं, ते गेले त्याच्या आठ महिने आधी, पनवेल स्टँडवरून सुटणाऱ्या उरणच्या एसटीत. मी चढलो तर खिडकीशी ते बसलेले. वाळले होते, पण शर्ट तोच, पट्टीही खिशात. मला पाहून त्यांनी पिशवी उचलून मांडीवर घेतली.

"या, कर्णिकसाहेब. बसा."

मी बसलो. त्यांनी माझ्या बायकोच्या गुडघ्याची चौकशी केली. भाभींना आता कमी ऐकू येतं, म्हणाले, त्यामुळं घरात शांतता आहे. दोघं हसलो. तिकडच्या नव्या इमारतींत टाक्या फार उंच बांधतात, धुवायला माणूस चढत नाही, असं सांगत होते. मी ऐकत होतो आणि मनातल्या मनात एक वाक्य जुळवत होतो. नझीरभाई, ते धागे मी जोडले आणि मीच वेगळे केले, मला माफ करा. वाक्य छोटं होतं. एका ओळीत बसणारं, त्यांना आवडलं असतं तसं.

"फोरम चालू आहे?" त्यांनी बाहेर बघत विचारलं.

"आहे. कुणी येत नाही."

"तो धागा?"

"उघडा आहे."

"राहू द्या," ते म्हणाले.

द्रोणागिरीचा थांबा आला. ते उठले, पिशवी खांद्याला लावली, वरचा दांडा धरला आणि उतरायच्या आधी माझ्याकडे वळून उभे राहिले. निरोपाला लागतो त्याहून थोडा जास्त वेळ. कंडक्टरनं मागून आवाज दिला. माझं वाक्य तयार होतं, पहिला शब्द जिभेवर होता.

मी म्हणालो, "नझीरभाई, पायरी उंच आहे. सांभाळून उतरा."

"हो," ते म्हणाले, आणि उतरले.